ऑक्झेंडन : एका इंग्रजी आडनावाची कुळकथा

रायगडावर नगारखान्याच्या उंच दारासमोर उभे राहिले, की वाटाड्या हटकून एक गोष्ट सांगतो. राज्याभिषेकासाठी आलेल्या इंग्रज वकिलाने या दाराशी दोन हत्ती झुलताना पाहिले आणि तो थक्क होऊन मनाशी म्हणाला, की असल्या अवघड वाटेने हे हत्ती वर आणले तरी कसे? वाटाड्या त्यावर आपल्या पदरचे उत्तर जोडतो, मंडळी हसतात आणि पुढे सरकतात. त्या इंग्रजाचे नाव मात्र प्रत्येक वाटाड्या वेगळे घेतो. कोणी ऑक्झेंडन म्हणतो, कोणी ऑक्झिंडेन, कोणी ऑक्सिंडन. मागे एकदा आमच्याबरोबर आलेल्या नातवाने सरळ विचारले, "आजोबा, हे त्याचे आडनाव, की गावाचे नाव?"

मी म्हटले, "दोन्ही." वेळ मारून नेली खरी, पण प्रश्न मनात घर करून राहिला. घरी आलेल्या पाहुण्याला त्याचे गाव आणि कूळ विचारल्यावाचून मराठी माणूस पाण्याचा तांब्याही पुढे करीत नाही. आणि या पाहुण्याला मात्र आपण साडेतीनशे वर्षे नुसत्या नावाने ओळखतो. तो कोणाचा कोण, कुठला, त्याच्या घराण्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. या दिवाळीच्या निमित्ताने ती चौकशी करावी म्हणतो.

बैलांचे रान

आपल्या भागात गावावरून पडलेल्या आडनावांच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. हुक्केरीहून आलेला मराठी माणूस 'हुक्केरीकर' होतो, तर कानडी माणूस नुसताच 'हुक्केरी'. कित्तूर, मुधोळ ही आडनावेही तशीच. इंग्रजांची रीत या बाबतीत कानडीच्या जवळची आहे. त्यांच्यात 'कर' नाही. गावाचे किंवा रानाचे नाव जसेच्या तसे माणसाला चिकटते. ऑक्झेंडन हे असे स्थळावरून आलेले आडनाव आहे, आणि इंग्लंडातही ते दुर्मीळच.

त्याचा पहिला भाग सोपा आहे. 'ऑक्स' म्हणजे बैल आणि 'ऑक्सन' हे त्याचे अनेकवचन. इंग्रजीत आज बहुतेक शब्दांचे अनेकवचन 'स' लावून होते. 'न' लावण्याची जुनी रीत 'चिल्ड्रन' आणि 'ऑक्सन' अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शब्दांत टिकून आहे. म्हणजे या आडनावाच्या तोंडाशीच हजार वर्षांपूर्वीचे व्याकरण बसले आहे.

दुसरा भाग 'डेन'. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात केंट नावाचा परगणा आहे. त्याच्या दक्षिणेला एके काळी ओक वृक्षांचे घनदाट अरण्य होते. पूर्व केंटमधल्या गावांना या अरण्यात दूरवर चराईच्या जागा तोडून दिलेल्या असत. शरद ऋतूत ओकची फळे पडू लागली, की लोक आपली डुकरे हाकत तिकडे नेत. अशा रानातल्या चराईला जुन्या इंग्रजीत 'डेन' म्हणत. पुढे तेथेच वस्त्या झाल्या आणि टेंटरडेन, बेनेंडेन, बिडेंडेन, स्मार्डेन अशी गावे उभी राहिली. टेंटरडेन याचा अर्थ 'थॅनेटकरांचे चराईचे रान'. थॅनेट तेथून कितीतरी कोस दूर, समुद्रकाठी. आपल्या घाटमाथ्यावरच्या रानांत गवळीवाडे आणि धनगरवाडे कसे वसले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा डुकरांच्या मुलखात बैलांचे म्हणून जे रान, ते ऑक्झेंडन. याच उच्चाराचा 'दरी' अर्थाचा एक दुसरा शब्दही जुन्या इंग्रजीत होता, म्हणून कोणी 'बैलांची दरी' असाही अर्थ लावील. बैल मात्र कोठेच सुटत नाहीत.

येथे एका जुळ्या नावाशी गल्लत होते, तीही सांगून टाकतो. केंटपासून दूर, नॉर्दम्प्टनशायर परगण्यात ग्रेट ऑक्झेंडन नावाचे गाव आहे. ऐकायला तेच, पण त्याच्या शेवटी 'ए' नसून 'ओ' आहे, आणि तो 'डन' म्हणजे टेकडी. त्या गावाचा अर्थ 'बैलांची टेकडी'. धारवाडजवळच्या एत्तिनगुड्डचे नाव ज्यांच्या कानावर आहे त्यांनी हसायला हरकत नाही. कानडीत 'एत्तु' म्हणजे बैल, 'गुड्ड' म्हणजे टेकडी. सात समुद्रांपलीकडच्या शेतकऱ्याने आणि आपल्या शेजारच्या शेतकऱ्याने टेकडीकडे पाहून एकच नाव उच्चारले. आपले ऑक्झेंडन मात्र त्या टेकडीचे नव्हेत, ते केंटचे.

डीनचे घराणे

या आडनावाचा पहिला मोठा माणूस मठात सापडतो. कॅंटरबरी हे इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्माचे मुख्य पीठ. तेथील ख्राइस्ट चर्च मठाचा मुख्य म्हणून १३३१ ते १३३८ या काळात रिचर्ड ऑक्झेंडन याची नोंद आहे. मग हे घराणे कॅंटरबरीच्या आग्नेयेस नॉनिंग्टन येथे जमीनजुमला करून राहिलेले दिसते आणि पुढे जवळच्याच विंगम गावच्या शिवारातील 'डीन' नावाच्या वाड्यात स्थिरावते.

घराण्याने ढालीवर चिन्ह घेतले तेही नावाला साजेसे : रुपेरी भूमी, तीवर तांबडा कोन आणि त्याच्या भोवती तीन काळे बैल. आपल्या नावावर अशी चित्रातून कोटी करण्याची युरोपातील सरदारांना फार हौस होती. विंगमच्या चर्चमध्ये १६८२ साली उभारलेले या घराण्याचे संगमरवरी स्मारक आहे. त्याच्या कोपऱ्यांवरही काळ्या दगडातील बैलांची मस्तके कोरली आहेत. कुळाची श्रीमंती वाढली, दरबारात मान मिळाला. पण रानातल्या बैलांना त्यांनी देव्हाऱ्यापर्यंत बरोबर नेले.

आता स्पेलिंगचा घोळ. डीनची थोरली शाखा आपले नाव 'ए' घालून ऑक्झेंडन लिही. बारम गावची धाकटी शाखा 'आय' घालून ऑक्झिंडन लिही. त्या काळात एकाच माणसाने एकाच पत्रात आपले नाव दोन तऱ्हांनी लिहिले तरी कोणी त्याला हटकत नसे. रायगडावरच्या हेन्रीचे नाव इंग्रजी कागदांत दोन्ही तऱ्हांनी येते आणि आपल्या पुस्तकांतला गोंधळ तेथूनच आला. ज्या घरांतील चव्हाण शाळेच्या दाखल्यावर एक, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरे आणि इंग्रजी अर्जावर तिसरे होतात, त्या आपल्या घरांनी याचे नवल करू नये.

बारमच्या शाखेत १६०८ साली जन्मलेला एक हेन्री होता. तो रायगडचा हेन्री नव्हे. हा घरबशा, पुस्तकवेडा, लॅटिनमध्ये कविता करणारा गृहस्थ. पहिली बायको वारल्यावर त्याने १६४२ साली कॅथरिन कलिंग या मुलीशी लग्न केले. ती साध्या कुळवाड्याची पोर, सरदारघरची नव्हे. भाऊबंदांत कुजबुज झाली. तेव्हा त्याने लिहिलेल्या पत्रांचा मथितार्थ असा, की खानदानी हे रक्तात नसून वागण्यात असते. पुढे कर्जापायी त्याला जमीन विकावी लागली, उतारवयात एका खेड्याचा पाद्री होऊन त्याने दिवस काढले आणि १६७० साली तो वारला. जगाच्या दृष्टीने हा माणूस फसला. पण त्याची एक सवय घराण्याला तारून गेली : आलेले एकही पत्र तो फेकत नसे. चुलते, चुलतभाऊ, सासुरवाडी, सावकार, सगळ्यांचे कागद त्याने जपले. ती पत्रे १९३३ आणि १९३७ साली दोन खंडांत छापली गेली आणि सतराव्या शतकातील केंटचे घरगुती जीवन पाहायचे तर आज अभ्यासक त्यांच्याकडेच वळतात.

सुरतेचे बंद दार

या पत्रजप्या हेन्रीचा डीनकडचा चुलतभाऊ जॉर्ज ऑक्झेंडन. सर जेम्स ऑक्झेंडनचा हा तिसरा मुलगा, १६२० सालचा. थोरल्याला वाडा मिळतो आणि धाकट्यांनी नशीब काढायचे, अशी तिकडची रीत. जॉर्ज तरुणपणीच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला. भाऊ ख्रिस्तोफरही सुरतेस होता. तो १६५९ साली तेथेच वारला. त्याच्या थडग्यावरचा लॅटिन लेख व्यापाऱ्याला शोभेल असा आहे : त्याच्या हिशेबात वर्षे नाहीत, दिवसच जमा आहेत, कारण मृत्यूने अवेळी हिशेब मागितला, अशा आशयाचा.

१६६१ साली जॉर्जला 'सर' किताब मिळाला आणि १६६२ साली कंपनीने त्याला सुरतेच्या वखारीचा प्रेसिडेंट नेमले. पगार सालिना ३०० पौंड. शिवाय खाजगी व्यापार करू नये म्हणून २०० पौंड वेगळे. चाकर खाजगी धंदा करणार हे कंपनीने गृहीतच धरले होते, ही गोष्ट त्या २०० पौंडांत स्पष्ट वाचता येते.

पुढची हकिकत आपल्या ओळखीची. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला, शहर मोकळे पडले. इंग्रजांनी मात्र आपली वखार लढवायची ठरवली. जहाजांवरचे खलाशी बोलावले, तोफा दारात मांडल्या आणि दार लावून घेतले. त्या बंद दाराआडून जळणारे शहर पाहणारा माणूस जॉर्ज ऑक्झेंडन होता. वखार वाचली. औरंगजेबाने खूश होऊन त्याला खिलत पाठवली आणि इंग्रजांना जकातीत सवलत दिली. त्या वेळच्या इंग्रजी पत्रांत महाराजांचा उल्लेख 'बंडखोर' असाच येतो. मोगलांच्या शहरात मोगलांच्या मर्जीने व्यापार करणाऱ्याला दुसरा शब्द सुचणार तरी कोठून?

१६६८ साली मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला दिले आणि कंपनीचा मुंबईचा पहिला गव्हर्नर म्हणून सर जॉर्जचेच नाव आले. पण १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेस वारला. भावाच्या थडग्यावरच त्याचे थडगे बांधले गेले. घुमट, खांब, गच्ची असे सुमारे चाळीस फूट उंचीचे ते बांधकाम सुरतेच्या इंग्रज कबरस्तानात आजही उभे आहे. परक्याला तो एखाद्या नबाबाचा मकबराच वाटावा. केंटच्या बैलवाल्या घराण्याचे दोन भाऊ तापीच्या काठी असे मुसलमानी थाटात निजले आहेत.

जॉर्जच्या बहिणीचा मुलगा स्ट्रेनशॅम मास्टर लहानपणीच मामाच्या हाताला धरून सुरतेस आला होता. १६७० साली महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले तेव्हा वखार लढवणारा तोच. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. कंपनीचा कारभार म्हटला तर कंपनीचा, म्हटला तर मामा-भाच्यांचा.

रायगडचे उघडे दार

आता आपला हेन्री. याच घराण्याच्या पुढच्या पिढीतला, मुंबईच्या इंग्रजांमधला वरिष्ठ अधिकारी. १६६१ साली महाराजांनी राजापूरची इंग्रज वखार लुटली होती. तिची भरपाई आणि पुढच्या व्यापाराचा तह ही कामे रेंगाळली होती. मुंबईच्या गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने १६७४ च्या मे महिन्यात हेन्रीला दोन सहकारी आणि नारायण शेणवी हा दुभाषी देऊन रायगडाकडे पाठवले. मंडळी पाचाडास पोचली तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. निराजीपंतांनी वकिलाची व्यवस्था पाहिली.

हेन्रीने या मुक्कामाची रोजनिशी ठेवली, म्हणून हे आपल्याला कळते. त्याची नजर कवीची नाही, व्यापाऱ्याची आहे : वस्तू, वजन, किंमत. तुळेत महाराजांचे वजन सुमारे १६,००० होन भरले, हे तो लिहितो. राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जून १६७४ रोजी सकाळी, तो सभेत गेला. दुरून मुजरा केला. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली. महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावून घेतले, वस्त्रे दिली. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांवर सोन्याची मत्स्यमुखे, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका उंच भाल्यावर समतोल सोन्याचा तराजू, हे सारे त्याने टिपले. तराजू हे न्यायाचे चिन्ह, हे कोणी न सांगताही त्याला उमगले. तराजू हीच तर त्याच्या धंद्याची देवता होती. परत फिरताना दारातले दोन लहान हत्ती आणि दोन सुंदर घोडे दिसले, आणि तो वाटाड्याच्या गोष्टीतला प्रश्न त्याला पडला.

त्याच मुक्कामातली एक गंमत इंग्रजी कागदांत आहे. गडावर मांस खाणारे गिऱ्हाईक थोडे. हे इंग्रज रोज अर्धा बकरा फस्त करू लागले. तेव्हा त्यांना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक, ही खाणारी माणसे आहेत तरी कशी, हे डोळ्यांनी पाहायला मुद्दाम आला म्हणे. बैलांच्या नावाचा पाहुणा, पण गडावर त्याची कीर्ती बकऱ्यांनी झाली!

तह झाला. इंग्रजांनी मागितलेल्या वीस कलमांपैकी बहुतेक महाराजांनी मान्य केली. पण आपल्या राज्यात इंग्रजी नाणे चालवण्याची सक्ती आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत करणे, या दोन गोष्टींना त्यांनी नकार दिला. नाणे आणि किनारा हे राजाचे हक्क. गादीवर बसून आठवडा झाला नव्हता, तोच राजाने ते कागदावर राखले.

मला या आडनावाची खरी गोष्ट येथे दिसते. १६६४ साली एका ऑक्झेंडनने महाराजांना बंद दाराच्या फटीतून पाहिले आणि ती बंडखोराची स्वारी समजली. १६७४ साली दुसऱ्या ऑक्झेंडनने त्यांनाच सिंहासनावर पाहिले, मान लवून अंगठी दिली आणि राजाशी करतात तसा तह केला. मध्ये दहाच वर्षे. स्वराज्य म्हणजे काय, याची व्याख्या आपण पुष्कळ ऐकतो. ती एका परक्या घराण्याच्या दोन नोंदींत इतकी नेमकी मिळेल, असे वाटले नव्हते. आपल्या माणसांनी केलेले कौतुक हे कौतुक असते. तराजू घेऊन आलेल्याने केलेली नोंद ही पावती असते.

घराणे संपले, नाव राहिले

पुढची कथा थोडक्यात. सर जॉर्जचा थोरला भाऊ हेन्री १६७८ साली बॅरोनेट झाला. हा वंशपरंपरा चालणारा किताब. त्याची बायको लंडनच्या रॉबर्ट बेकर या शिंप्याची वारस. याच बेकरच्या घरावरून पिकॅडिली हे नाव रूढ झाले. तिच्या वारशाच्या जागेवर जो रस्ता निघाला त्याला ऑक्झेंडनचे नाव मिळाले. तो रस्ता लंडनमध्ये आजही आहे, पण पाटीवर 'ए' च्या जागी 'ओ' आहे! बैलांच्या रानाची अखेर बैलांची टेकडीच झाली.

अठराव्या शतकात डिक्सवेल घराण्याचा ब्रूम पार्क हा वाडा वारशाने ऑक्झेंडनांकडे आला. तेथे जन्मलेला ॲश्टन ऑक्झेंडन हा १८६९ ते १८७८ या काळात कॅनडात मॉंट्रियलचा बिशप होता. १९११ साली हा वाडा लॉर्ड किचनेरने विकत घेतला. हिंदुस्थानचा सरसेनापती म्हणून आपल्याकडे गाजलेला तोच किचनेर. १९२४ साली दहावा बॅरोनेट वारला आणि वारस नसल्याने किताब बुडाला.

घराण्याची थोरली शाखा संपली. मायदेशी नाव उरले ते चर्चमधल्या संगमरवरावर आणि चुकलेल्या अक्षराच्या पाटीवर. लंडनच्या त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा, हेन्री ऑक्झेंडन कोण म्हणून. तो खांदे उडवील. तोच प्रश्न खानापूरच्या, निपाणीच्या किंवा चंदगडच्या एखाद्या शाळकरी पोराला विचारा. तो हत्तींची गोष्ट सांगेल. उच्चार चुकेल, पण माणूस चुकणार नाही.

आडनावे रक्ताने टिकतात असा आपला समज असतो. या घराण्याकडे पाहिले तर ती कागदाने टिकतात. एका हेन्रीने भाऊबंदांची पत्रे फेकली नाहीत, दुसऱ्याने गडावरच्या मुक्कामात रोजचे टिपण लिहिले. पहिल्यामुळे केंटला आपले जुने घर दिसले आणि दुसऱ्यामुळे आपल्याला आपला राजा परक्याच्या डोळ्यांनी पाहता आला. दोघांनाही आपण इतिहास लिहितो आहोत अशी कल्पना नव्हती. एकाला कागद टाकवत नव्हते आणि दुसऱ्याला वरिष्ठांना हिशेब द्यायचा होता, एवढेच.

आपल्या भागातल्या घरांच्या माळ्यावर अजून मोडीतली खतपत्रे आहेत, कानडीतल्या पावत्या आहेत, आजोबांनी उर्दू शिक्क्याच्या कागदावर लिहिलेल्या याद्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्या बंबात जातात. माझ्या घरच्या काही गेल्या, आणि घालणारा मीच होतो. त्यात आमच्या आडनावाचे मूळ गाव होते की नव्हते, हे आता कोण सांगणार?

नातवाला दिलेले उत्तर तेवढे खरे ठरले. ऑक्झेंडन हे आडनावही आहे आणि रानाचे नावही. आता तो आमच्या आडनावाविषयी विचारील, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला निदान उरलेले कागद तरी असावेत, म्हणून यंदा माळा मी स्वतः झाडला.